पाचवा दिवा

५ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार नंतर. आधी खोकं उलटं ठेवलं असशील तर सरळ कर. वर बाण काढलाय, तो छताकडे हवा. केलंस? मग आता बस आणि नीट वाच.

पत्रच लिहितेय, कारण फोनवर तू नुसता हो-हो करतोस. उजवा कान तुझ्या बॅटरीच्या दुकानातल्या जनरेटरने नेला आणि डाव्या कानाने तू सोयीचं तेवढंच ऐकतोस. फोन मामीकडे गेला की ती "सगळं छान आहे" म्हणते आणि फोन परत तुझ्याकडे देते. कागदावरचं मात्र तू वाचतोस. "बॅटरीवर पाना ठेवू नये" ही दुकानातली पाटी मी पाना ठेवून ठिणगी उडवल्यावरच लागली होती. माझं नावही तू त्याच दिवशी बदललंस.

तर ही मामीच्या ऑक्सिजन मशीनची बॅटरी. मीच बांधली आहे. वीज गेली की मशीन आपोआप हिच्यावर चालेल, तुला काही करायचं नाही. पुढे पाच हिरवे दिवे आहेत. एक दिवा म्हणजे साधारण एक तास. तुमच्याकडे वीज जाते ती दोन-तीन तास, म्हणजे पुरून उरेल. वायर मुद्दाम लांब दिली आहे. बॅटरी मामीच्या खोलीत नको, बाहेर पॅसेजमध्ये ठेव.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच तू वाद घालणार आहेस. तुझ्या पाण्याच्या बॅटऱ्यांना सतत भरलेलं ठेवावं लागायचं. रिकामी राहिली की ती बसली. हिचं तसं नाही. ही लिथियमची आहे. हिला गच्च भरून ठेवलं की ही आतल्या आत झिजते. म्हणून चार दिवे लागले की प्लग काढायचा. काढायचा म्हणजे भिंतीतून उपसायचा, नुसतं बटण बंद नाही. दोन दिवे राहिले की पुन्हा लावायची. पाच दिवे करायचे ते फक्त मोठा वेळ वीज जाणार हे आधी कळलं तर, आणि तेही आदल्या दिवशी. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायची नाही, वर काही पांघरायचं नाही. थंडीत गारठलेली असेल तर लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी तिला घरात थोडी ऊब येऊ दे. आणि महिन्यातून एकदा सपाट टेबलावर ठेवून बघायची. डुगडुगली तर मला त्याच दिवशी कळव.

हे सगळं वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत घातलंय. भिंतीला चिकटव. मामीला सांग, नळी लावायचा कंटाळा करायचा नाही. डॉक्टरांनी जागेपणी अखंड सांगितलंय म्हणजे अखंड.

तुझी
ठिणगी

१४ ऑक्टोबर

ठिणगे,

अनेक आशीर्वाद. बाण छताकडेच होता. चाळीस वर्षं बॅटऱ्या उचलल्या, तेवढी अक्कल आहे.

तुझी बॅटरी बघितली. आधी पाणी घालायला झाकण शोधलं, चारी बाजूंनी फिरवलं, झाकण नाही. ॲसिडचा वास नाही, बुडबुडे नाहीत. हे म्हणजे काहीच न खाणारा पाहुणा घरात आल्यासारखं झालं, वाढायचं काय आणि विचारायचं काय. तरी काम सुरेख आहे. वायरी कशा बांधल्यास ते झाकणाच्या फटीतून बघितलं. हात माझ्यावर गेलाय तुझा.

कागद भिंतीला लावला. सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम चालू आहे, काळजी नसावी.

मंगळवारी वीज गेली, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. मशीन थांबलं नाही. मामी म्हणाली, मला तर कळलंही नाही वीज गेलेली. मी पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसलो. तिथल्या अंधारात ते पाच हिरवे दिवे ओळीने बघून फार बरं वाटलं बघ. दोन तासांनी तीन उरले. मग वीज आली. मी एक वही केली आहे. वीज कधी गेली, कधी आली, किती दिवे उरले, असे रकाने आखले आहेत. दुकान बंद झाल्यापासून हाताला असं रोजचं काम नव्हतं.

मामीचं ठीक चाललं आहे. खिडकीपाशी खुर्ची घेऊन विणत असते. कोणासाठी ते विचारलं की हसते. बहुतेक तुझ्यासाठी आहे, लांब बाह्या दिसतात.

तुझा
मामा

१८ मार्च

मामा,

तुझं पत्र तेव्हाच मिळालं होतं. उत्तराला इतका उशीर झाला, कान धर माझे. वर्कशॉपमध्ये एकापाठोपाठ एक कामं होती.

पण एक गोष्ट तेव्हापासून खुपतेय. अंधारात पाच दिवे छान दिसले म्हणालास. पाच कुठून आले? मी चार म्हणाले होते. मामा, तू प्लग काढतोस ना? खरं सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण खरं सांग.

आणि वहीतून मला मागच्या दोन-तीन वेळचे आकडे पाठव. किती तास मशीन चाललं आणि किती दिवे गेले. माझ्या मनात आहे की यंदा त्यातले सेल बदलून टाकावेत. तसं घाबरण्यासारखं काही नाही, आपलं उगाच. आकडे बघून ठरवते.

परवा मामीला फोन केला होता. "छान आहे" म्हणाली. आवाज बारीक वाटला. सर्दी झालीय का तिला?

ठिणगी

२९ मार्च

ठिणगे,

पाच दिवे त्या दिवशी चुकून झाले असतील. प्लग काढतो. तू इतक्या लांबून माझ्या घरातला प्लग राखायला बसली आहेस, मला गंमत वाटते.

आकडे घे. २ मार्च, दोन तास, गेला एक दिवा. ११ मार्च, दीड तास, एक दिवा. २४ मार्च, तीन तास दहा मिनिटं, आणि गेले किती, तर दोन. तू म्हणाली होतीस तासाला एक. तुझ्या हिशेबापेक्षा तुझी बॅटरी चांगली निघाली. थोडं श्रेय मलाही दे. चाळीस वर्षं लोक मला पाणीवाला म्हणायचे ते उगाच नाही. बॅटरी कुठलीही असो, तिला जपणारा माणूस लागतो.

सेल बदलायची घाई कशाला? जे नीट चाललंय त्यात हात घालू नये, हे मीच तुला शिकवलं होतं.

मामीला सर्दी नाही. जिना चढ-उतार बंद केली आहे तिने, बाकी ठीक. दिवे पाहून आलो की विचारते, किती आहेत? मी सांगतो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिलाही तुझं कौतुक आहे.

मामा

६ जानेवारी

ठिणगे,

तुझं पुष्कळ दिवसांत पत्र नाही. मीही लिहिलं नाही, म्हणजे फिटंफाट.

आज लिहायचं कारण, खाली जिन्यापाशी वीज कंपनीने कागद लावलाय. १९ तारखेला सकाळी नऊ ते दुपारी तीन वीज बंद, गल्लीतल्या सगळ्या तारा बदलणार आहेत. सहा तास. शेजारीपाजारी कुरकुरतायत. मी म्हटलं, आम्हाला चिंता नाही, आमच्याकडे आमच्या भाचीची बॅटरी आहे. येऊन सव्वा वर्ष झालं, पण अजून कशी आहे ऐक. परवा, ४ तारखेला, सकाळी चार तास दहा मिनिटं वीज नव्हती. दिवे गेले दोन. तीन शिल्लक. म्हणजे सहा तास आरामात.

थंडी फार आहे यंदा. तू लिहिलं होतंस ना, गारठलेली चार्ज करू नये, ऊब द्यावी, म्हणून मागच्या हिवाळ्यापासूनच तिला पॅसेजमधून हलवून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली आहे. तिथे बरी आहे.

एक बारीकशी गोष्ट. तिचं पोट जरा सुटलंय. खोकं मधून किंचित फुगीर दिसतं आणि फळीवर एका बाजूला कलतं. मी पुठ्ठ्याची घडी करून टेकू दिला, आता हलत नाही. वयाप्रमाणे सगळ्यांचंच होतं.

मामीचा स्वेटर झाला. आता दुसरा घेतला आहे.

मामा

१० जानेवारी

मामा,

हे पत्र पार्सलच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय, म्हणजे उद्याच पोचेल. उभ्या उभ्या वाच. आता या क्षणी उठून बॅटरीचा प्लग काढ. तो लावलेला असणार, मला माहीत आहे. मशीनकडे जाणारी वायरही काढ. मग पुढचं वाच.

ते पोट सुटलेलं नाही. आत गॅस झाला आहे. फुगलेली लिथियम बॅटरी कधीही पेट घेऊ शकते. तिला पुन्हा चार्जिंगला लावायचं नाही, वापरायचं नाही, उघडून बघायचं नाही, दाबायचं नाही. दोन्ही हातांनी अलगद उचल, बाल्कनीत सिमेंटवर ठेव, पडदा आणि दोरीवरचे कपडे लांब कर, आणि मामीच्या कुंड्यांतली माती तिच्याभोवती ओत. दार बंद ठेव. तापलेली वाटली तर हात लावू नकोस, मामीला घेऊन खाली जा आणि अग्निशमनवाल्यांना बोलाव.

कालपासून सात वेळा फोन केला. वाजतो, पण कोणी उचलत नाही. मीच निघाले असते, पण मी निघाले तर नवी बॅटरी कोण बांधणार? १९ तारीख डोक्यावर आहे. नवे सेल आज आले. बांधून, तपासून १८ तारखेला दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचते. संध्याकाळपर्यंत आले नाही तर वाट बघत बसू नकोस, मामीला सरळ दवाखान्यात हलव.

आता माझा गुन्हा ऐक. नवे म्हणतेय, कारण तुझ्याकडच्या बॅटरीतले सेल नवे नव्हते. मामीला दवाखान्यातून सोडणार होते आणि माझा माल आला नव्हता. मी सामान पोचवणाऱ्या स्कूटरच्या जुन्या बॅटरीतले सेल काढले, त्यातले चांगले निवडले, कमी पडू नयेत म्हणून जास्तीचे घातले. सहा महिन्यांत बदलायचं ठरवलं होतं. मग तुझे मार्चचे आकडे आले आणि मी खूश झाले. म्हटलं, चालतायत ना, मग राहू देत. तुला सांगायची लाज वाटली. ज्याच्या दुकानात मी काम शिकले त्याच्याच घरी जुना माल पाठवला, हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण मामा, आज ते आकडे पुन्हा घेऊन बसले. चार तास दहा मिनिटांत दोन दिवे. नवी कोरी असतानाही चार दिवे जायला हवेत. ही फुगलेली, जुन्या सेलची, आणि मला दाट संशय आहे की तू सव्वा वर्ष गच्च भरून शेगडीशेजारी ठेवलेली. हिच्याकडून फार तर दोन तास निघतील. बॅटरी म्हातारपणी तरुण होत नाही. दिव्यांचं सर्किट मी तीनदा तपासलं होतं, ते चुकत नाही. म्हणजे एकच अर्थ उरतो. त्या चार तासांतला निम्म्याहून जास्त वेळ मशीन चालूच नव्हतं.

वीज गेली की तू कपाटासमोर बसतोस. मशीनचा आवाज तुला ऐकू येत नाही. मामा, मशीन मधेमधे कोण बंद करतं?

तिला विचारू नकोस. विचारलंस तर ती "छान आहे" म्हणेल. वीज गेली की दिव्यांकडे जाऊ नकोस, तिच्याजवळ जाऊन बस आणि मशीनवर हात ठेवून बघ. चालू असेल तर हाताला थरथर लागते.

ठिणगी

१२ जानेवारी

ठिणगे,

तोच गाडीवाला आज परत निघालाय, त्याला चहा देऊन थांबवून ठेवलं आहे, म्हणून अक्षर असं आहे.

तुझं पत्र काल सकाळी दहाला मिळालं. उभ्यानेच वाचलं. कपाट उघडलं. आता लपवून काय करू, प्लग लावलेलाच होता. सव्वा वर्षात मी तो चार वेळा काढला असेल. वर गोधडी होती. तू चार दिवे म्हणालीस ते मला कळलं नव्हतं असं नाही. पण पाचवा दिवा म्हणजे तिचा एक तासाचा श्वास. तो हाताशी असताना रिकामा ठेवायचा? माझा हातच होईना प्लगकडे. माझ्या बॅटऱ्यांना ज्याने जगवलं त्यानेच तुझी मरेल, हे डोक्यात शिरलं नाही.

बॅटरी कोमट होती, तापलेली नव्हती. उचलून बाल्कनीत ठेवली, माती ओतली, दार लावलं. मामीला काही बोललो नाही. ती खिडकीपाशी विणत होती.

सव्वाअकराला वीज गेली. पाय सवयीने कपाटाकडे वळले. तिथे रिकामी फळी. तेव्हा ध्यानात आलं की आता मशीनला आधार काहीच नाही, आणि मी धावत तिच्या खोलीत गेलो.

ती तशीच खुर्चीत होती, विणकाम मांडीवर. मान वर केली नाही. मशीन बंद पडलं म्हणून घाबरलेली नाही, हाक मारलेली नाही, काही नाही. डावा हात मागे, शालीखाली. शाल उचलली तर तिचं बोट मशीनच्या बटणावर होतं. तिने ते आधीच बंद केलं होतं. ठिणगे, बॅटरी काढलेली तिला माहीतही नव्हतं. वीज गेली की बटण बंद करायचं, ही तिची सवय झाली होती. ओठ निळसर पडायला लागले होते आणि ती पुन्हा सुया हातात घेत होती. एका ओळीत किती टाके घातले की पुन्हा चालू करायचं, याचं तिचं माप ठरलेलं होतं.

मी मशीनवर हात ठेवला. थरथर नव्हती.

विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, पहिल्या हिवाळ्यापासून. म्हणाली, एकदा दीड तासात तीन दिवे गेले तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही रात्रभर वही घेऊन बसला होतात. म्हटलं, मला थोडा वेळ जमतं नळीशिवाय, दिवे वाचू देत. मग थोडा वेळ वाढत गेला.

मी तुला अभिमानाने जे आकडे पाठवले ते तिने श्वास रोखून कमावलेले होते. मी दिवे राखत बसलो आणि बायको माझ्या नकळत, भिंतीपलीकडे निळी पडत होती. ऐकू येत नाही हे ठीक आहे. पण डोळे होते ना मला? सव्वा वर्षात वीज गेल्यावर मी एकदाही तिच्या खोलीत बसलो नाही. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

पंचवीस मिनिटांनी वीज आली. खालच्या शिंपीणबाईंना तिच्याजवळ बसवून दवाखान्यातून सिलिंडर आणला. छोटा आहे, दोन तास पुरेल म्हणाले.

परत येऊन अर्धा तास झाला असेल. वास आला. माझं नाक चाळीस वर्षं ॲसिडवर तयार झालेलं, हा तो नव्हता. गोडसर, डोक्यात जाणारा. बाल्कनीच्या काचेतून बघितलं तर मातीतून पांढरा धूर जोरात निघत होता. मामीला आणि बाईंना खाली पाठवलं, सिलिंडरसकट. तोवर जाळ झाला, माझ्या छातीएवढा. पाच-सहा मिनिटं चालला. अग्निशमनवाले आले तोवर खाली बसला होता. भिंत काळी झाली, दोन कुंड्या फुटल्या, कोणाला इजा नाही. त्यांचा माणूस म्हणाला, कुठे ठेवत होतात? मी कपाट दाखवलं. त्याने मागची भिंत ठोकून बघितली. त्याच भिंतीला पलीकडून मामीची खुर्ची टेकलेली असते.

जुन्या सेलचं तू लिहिलंस. चूक केलीस, आणि सांगितलं नाहीस ही त्याहून मोठी चूक केलीस. पण मला बोलायला तोंड कुठे आहे. तू ये. सांभाळून ये. सिलिंडर दोन तासांचा आहे आणि वीज सहा तास जाणार आहे, एवढंच आता माझ्या डोक्यात आहे.

मामा

२४ जानेवारी

ठिणगे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी बरी आहे. खरंच बरी आहे. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आहे, तो तुझ्या मामांनी वहीत लिहिला आहे, हवा तर मागवून घे. माझ्या शब्दावर आता या घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्र लिहायला मला आवडलं. फोनवर तीन शब्दांच्या वर बोललं की धाप लागते, म्हणून "सगळं छान आहे" एवढंच म्हणायची सवय झाली होती. बरोबर तीन शब्द होतात, मोजून बघ. आणि त्या दोन दिवसांत तुझे सात फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तेव्हा तीन शब्दही निघत नव्हते, आणि तू आवाजावरून ओळखलं असतंस. त्याबद्दल मला माफ कर. घरात आग लागायची वेळ आली आणि मी फोनकडे बघत बसले होते. मला वाटत होतं मी फक्त माझाच श्वास पणाला लावतेय.

जुन्या सेलवरून तू इथे दोन दिवस रडलीस, ते आता पुरे. रडायची रांग असेल तर मी तुझ्या पुढे उभी आहे.

तू गेल्यावर तुझ्या मामांनी नवी बॅटरी पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवली. चार दिवे झाले की मला बोलावतात, माझ्यासमोर प्लग काढतात आणि हातात धरून दाखवतात. मी म्हटलं, अहो, मी काय इन्स्पेक्टर आहे का? म्हणाले, हो. वहीत एक नवा रकाना आला आहे. मशीनवर हात ठेवला, किती वाजता. मला वाटतं त्यांना माझ्याजवळ बसायला सबब मिळाली आहे, म्हणून मी काही बोलत नाही. ऐकायचं यंत्रही घ्यायचं कबूल केलं आहे, पण त्याची बॅटरी आपण स्वतः बघणार म्हणतात. तुला एक कागद मोठ्या अक्षरात लिहून पाठवावा लागेल.

आता जे सांगायला बसले ते सांगते. १९ तारखेचं तुला सगळं माहीत नाही. तीन दिवस जागून बॅटरी बांधलेलीस, आदल्या दिवशी आठ तास गाडीत बसलेलीस, त्यामुळे दुसरा तास संपायच्या आत तू खुर्चीतच झोपलीस. तोंड उघडं टाकून, अगदी लहानपणी दुकानात झोपायचीस तशी. आम्ही उठवलं नाही.

तुझे मामा माझ्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले होते. हात मशीनवर. तू बॅटरी दारात अशी ठेवली होतीस की दिवे आम्हा दोघांनाही दिसत होते. सहा दिवे केलेस या वेळी. अकरा वाजेपर्यंत दोन गेले होते. ते तिकडे बघत नव्हते, मीच बघत होते. बाराच्या सुमाराला तिसरा लुकलुकायला लागला.

ठिणगे, माझ्या मनात काही नव्हतं. बॅटरी नवी आहे, पुरणार आहे, सिलिंडर कोपऱ्यात आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो दिवा लुकलुकला आणि माझा हात आपोआप मागे गेला, शालीखाली, बटणाकडे. इतक्या दिवसांचा हात तो. तिथे बटण लागलं नाही, त्यांचा हात लागला. त्यांनी मशीनवरचा पंजा सरकवून बटण झाकून धरलं होतं.

मी म्हटलं, अहो, तिसरा जातोय.

त्यांना ऐकू आलं की ओठांवरून कळलं, माहीत नाही. दिव्याकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. तू श्वास घे."

दिवा गेला. मी श्वास घेतला.

तुझी
मामी